ओव्हन तापत नाही, म्हणजे काय?

वर्ध्याला आलेला पाहुणा परत जाताना गोरसपाकाचा पुडा घेऊन जातो. गाईच्या तुपातला हा भाजका पदार्थ गोरस भांडारामुळे सगळ्या विदर्भात माहीत झाला आहे. तसेच काही घरी करून पाहावे, निदान दिवाळीची नानकटाई तरी घरची असावी, म्हणून आता बऱ्याच घरांत विजेचा छोटा ओव्हन आलेला असतो. दुकानात त्याला ओटीजी म्हणतात. वर्षातले आठ-दहा महिने तो माळ्यावर पडून असतो. ऑक्टोबरात खाली काढतात, पुसतात, लावतात, आणि तो तापतच नाही. कधी लावताक्षणी घरातली वीज जाते. कधी तापतो, पण अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास घेतो.

हे तीन निरनिराळे बिघाड आहेत आणि त्यांची कारणेही निरनिराळी आहेत. ती शोधायला जे ज्ञान लागते, ते नववीच्या ‘धाराविद्युत’ आणि दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठांच्या पलीकडे फारसे जात नाही. ओहमचा नियम, एकसर व समांतर जोडणी, विद्युतधारेमुळे निर्माण होणारी उष्णता आणि धातूंचे प्रसरण, एवढ्यावर भागते. म्हणूनच हा विषय शिक्षकांपुढे ठेवावासा वाटला.

वर्ध्यात तो मांडण्याला आणखी एक कारण आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच गावी राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष होते. हाताने करायच्या उत्पादक कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवावे असे तेथे ठरले आणि अभ्यासक्रमाचा आराखडा करण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. नई तालीम ती हीच. टकळीवर सूत काततानाच गणित, भूगोल, अर्थशास्त्र यावे ही अपेक्षा होती. पुढे अनेक शाळांत टकळी राहिली आणि गणित सुटले, हाही इतिहास आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्री. शे. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून पुढे आलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात घरातील वीजजोडणी व दुरुस्ती यांना जागा मिळाली. बिघडलेले उपकरण हे आजच्या घरातले टकळीइतकेच हाताशी असलेले साधन आहे. फक्त त्यातले गणित सुटू देता कामा नये.

कामाला लागण्याआधी एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. आपण बोलत आहोत ते रॉड लालबुंद होऊन तापणाऱ्या ओव्हनबद्दल. मायक्रोवेव्ह ओव्हन ही पूर्णपणे वेगळी जात आहे. त्याच्या आत दोन हजार व्होल्टच्या आसपास विभवांतर तयार होते आणि प्लग काढल्यावरही ते संधारित्रात काही काळ साठून राहू शकते. तो घरी किंवा वर्गात उघडायचा नाही. आणि साध्या ओव्हनला हात लावतानाही प्लग काढून तो समोर टेबलावर, डोळ्यांना दिसेल असा ठेवायचा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. घराच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, तर बटण न्यूट्रल तोडते आणि आतला रॉड फेजला जोडलेलाच राहतो. असे वायरिंग आपल्याकडे दुर्मीळ नाही.

पाटीवरचे गणित

ओव्हनच्या मागच्या बाजूला एक छोटी पाटी असते. समजा, तीवर ‘२३० व्होल्ट, १२०० वॅट’ असे लिहिले आहे. शक्तीला विभवांतराने भागले की धारा मिळते: १२०० ÷ २३०, म्हणजे ५.२ अँपिअर. विभवांतराच्या वर्गाला शक्तीने भागले की रोध मिळतो: ५२९०० ÷ १२००, म्हणजे सुमारे ४४ ओहम. ओव्हनमध्ये वरचा आणि खालचा असे प्रत्येकी ६०० वॅटचे दोन रॉड समांतर जोडलेले असतील, तर प्रत्येकाचा रोध ८८ ओहम. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवावेत. पुढचे सर्व निदान त्यांच्या आधारे चालते.

चौकस विद्यार्थी येथे विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे: हा रोध तापलेल्या रॉडचा आहे, आपण मोजणार थंड रॉडचा, मग आकडे जुळतील कसे? विजेच्या साध्या दिव्याच्या बाबतीत ही शंका अगदी रास्त आहे. १०० वॅटच्या दिव्याचा रोध गणिताने ५२९ ओहम येतो, पण थंड दिवा मोजला तर चाळीस ओहमच्या आसपास भरतो. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर दहा-बारा पटींनी वाढतो. ओव्हनच्या रॉडमध्ये टंगस्टन नसते, नायक्रोम असते. निकेल आणि क्रोमिअमचे हे मिश्रधातू अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी शोधले आणि १९०६ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. विजेवर चालणारी शेगडी, इस्त्री, टोस्टर ही सारी त्यानंतर घराघरांत आली. नायक्रोमचे तीन गुण कामाचे. त्याची रोधकता तांब्याच्या साठ-पासष्ट पट असते. लाल झाल्यावर पृष्ठभागावर क्रोमिअम ऑक्साइडचा चिवट थर बसतो व आतला धातू जळण्यापासून वाचतो. आणि त्याचा रोध तापल्यावर फक्त काही टक्क्यांनी बदलतो. या तिसऱ्या गुणामुळे थंड रॉडवरच्या मापनावर विश्वास ठेवता येतो. वर्गात दिवा आणि रॉड शेजारी शेजारी मोजून दाखवले, तर दोन धातूंचे हे वेगळेपण पुन्हा सांगावे लागत नाही.

उघडण्यापूर्वी

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याची घाई नको. आलेल्या ‘बिघडलेल्या’ ओव्हनपैकी काहींचा टायमर केवळ शून्यावर असतो. बहुतेक ओव्हनमध्ये टायमर फिरवल्याखेरीज विद्युत परिपथ पूर्णच होत नाही. रॉड निवडण्याचा खटका ‘बंद’वर नाही ना, तापमानाची चकती अगदी खाली नाही ना, हेही पाहावे. त्याच सॉकेटवर इस्त्री लावून पाहिली की सॉकेटची परीक्षा होते.

ओव्हन तापतो पण फार सावकाश, ही तक्रार असेल तर आधी विजेचा दाब पाहावा. गावाच्या टोकाला, रोहित्रापासून दूर असलेल्या घरात संध्याकाळी दाब १९० व्होल्टपर्यंत उतरला, तर शक्ती किती उरते? रोध तोच आहे, म्हणून शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १९० भागिले २३० याचा वर्ग ०.६८. म्हणजे १२०० वॅटचा ओव्हन ८२० वॅटचा झाला. दाब सतराच टक्क्यांनी घटला, पण उष्णता बत्तीस टक्क्यांनी. ओव्हनमध्ये काहीही बिघडलेले नाही. तोच पदार्थ सकाळी करून पाहावा.

एवढे झाल्यावर मल्टिमीटर २०० ओहमच्या पट्टीवर ठेवावा. ओव्हनचा प्लग बाहेर, टायमर फिरवलेला, तापमानाची चकती सर्वांत वर, खटका ‘दोन्ही रॉड’वर. मीटरची टोके प्लगच्या दोन बारीक पिनांना लावावीत. मीटरने ४४ च्या आसपास आकडा दाखवला, तर आतला परिपथ पूर्ण आहे व दोष बाहेर, म्हणजे सॉकेटमध्ये किंवा फ्यूजमध्ये आहे. ८८ दाखवला, तर दोनपैकी एक रॉड तुटला आहे. उष्णता निम्मी आणि वेळ भरपूर, ही तक्रार येथे उलगडते. आकडाच आला नाही, तर सामाईक मार्गात कोठेतरी खंड आहे. शून्याच्या जवळ आकडा आला, तर आत दोन तारा चिकटल्या आहेत आणि तो प्लग आता सॉकेटला लागता कामा नये. वायर हलवताना आकडा ४५ वरून ६० वर, पुन्हा ४५ वर उड्या मारू लागला, तर कोठेतरी जोड ढिला आहे. ओव्हनचा एकही स्क्रू न काढता इतके कळते. काही ओव्हनमध्ये वरचे दोन रॉड एकमेकांशी एकसर जोडलेले असतात. तेथे एक तुटला की दोन्ही विझतात, एवढे ध्यानात असू द्यावे.

खंड नेमका कोठे?

आता पाठीमागचा किंवा बाजूचा पत्रा काढायचा. पत्र्याच्या कडा धारदार असतात. जाड कापड हाताला गुंडाळावे. आत दिसणाऱ्या तारांचे चित्र तारेच्या रंगांसह वहीत काढून घ्यावे. हे काम मुलांना द्यावे. ती ते मोठ्यांपेक्षा नेटके करतात.

विद्युतधारेचा मार्ग साधारण असा असतो: प्लग, बाहेरची वायर, आतल्या पट्टीवरचा जोड, असल्यास थर्मल फ्यूज, थर्मोस्टॅट, टायमर, निवडीचा खटका, मग रॉड आणि तेथून परतीची तार. रॉड वेगळे मोजता येतात, म्हणून ते सोडले तर साखळीच्या आठ कड्या झाल्या. त्या सर्व एकसर जोडणीत आहेत. एक तुटली की सारे थांबते. पहिल्यापासून एकेक कडी तपासत गेलो तर आठव्यापर्यंत जावे लागू शकते. त्याऐवजी मीटरचे एक टोक प्लगच्या फेज पिनेवर आणि दुसरे बरोबर मध्ये, चौथ्या कडीनंतर ठेवावे. रोध शून्याजवळ आला तर पहिल्या चार कड्या निर्दोष. दोष उरलेल्या चारांत. मग त्या चारांचे दोन भाग. तिसऱ्या मापनाला दोषी कडी हाती लागते. दोनाचा तिसरा घात आठ, म्हणून तीन मापने. सोळा कड्या असत्या तर चार. विहिरीच्या पंपाची बंद पडलेली वायर तपासतानाही हीच युक्ती उपयोगी पडते.

अर्थात, ही युक्ती सर्व कड्या सारख्याच नाजूक आहेत असे धरून चालते. प्रत्यक्षात तसे नसते. सतत वाकणारी वायर प्लगजवळ आतून तुटते. तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या पितळी चिमट्या, ज्यांना दुकानदार लग म्हणतात, त्या जळतात. म्हणून आधी नजरेने या दोन जागा पाहाव्यात आणि मगच निम्मे-निम्मे करत जावे. अनुभवी कारागीर न मोजता बोट ठेवतो ते याच कारणाने. त्याच्या डोक्यात कोणती कडी किती वेळा तुटते याचा हिशेब तयार असतो.

शाळेत मल्टिमीटर नसेल तर? टॉर्चचे दोन सेल आणि टॉर्चचाच दिवा घेऊन तपासणी करावी असे पटकन सुचते. साध्या तारेसाठी ती चालते, पण रॉडसाठी चालत नाही. त्या दिव्याला ०.३ अँपिअर धारा हवी. ४४ ओहमच्या रॉडमधून दोन सेल जेमतेम ०.०६ अँपिअर पाठवतात. दिवा लागत नाही, आणि चांगला रॉड तुटला असे आपण समजतो. त्याऐवजी तीन सेल, २२० ओहमचा एक रोध आणि एक लाल एलईडी एकसर जोडावा. एलईडीला काही मिलिअँपिअर पुरतात. ४४ ओहम मध्ये आले तरी नऊ-दहा मिलिअँपिअर धारा वाहते आणि तो स्वच्छ पेटतो. मात्र शून्य, ४४ आणि ८८ यांतला फरक तो सांगू शकत नाही. खंड आहे की नाही, एवढेच सांगतो. दुरुस्तीच्या दुकानांत २३० व्होल्टवर चालणारा ‘सिरीज लॅम्प’ वापरतात. त्याच्या उघड्या टोकांवर पुरा दाब असतो, म्हणून तो शाळेत आणू नये.

लहानसा ढिला जोड

जळलेला लग हा बिघाड फार किरकोळ दिसतो आणि त्यामागचे गणित फार बोलके आहे. समजा, लग ढिला झाल्यामुळे त्या जागी अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला. ४४ च्या तुलनेत हा नगण्य. ओव्हनला फरकही कळत नाही. पण पाच अँपिअरहून अधिक धारा त्यातून जाते. धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे तेरा वॅट उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत निर्माण होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नची शक्ती साधारण एवढीच असते. म्हणजे तारेच्या टोकाशी आपण एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून दिले आहे! पितळ काळे पडते, ऑक्साइडमुळे रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. प्लगची एक पिन तपकिरी झालेली दिसते ती अशाच जोडामुळे.

तो दुरुस्त करताना दोन चुका सर्रास होतात. एक, जोडाला सोल्डर लावणे. नेहमीचे कथील-शिशाचे सोल्डर १८० ते १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि रॉडजवळचा पत्रा त्याहून तापू शकतो. म्हणून येथे दाबून बसवलेला नवा लग किंवा स्क्रूचा जोड हवा. दुसरी, आतली जळकी तार काढून घरातल्या वायरिंगची साधी तार घालणे. तिचे पीव्हीसी आवरण साधारण ७० अंशांपर्यंतच्या वापरासाठी असते. ओव्हनमध्ये काचतंतूची किंवा सिलिकॉनची बाही असलेली तार लागते. विजेच्या सामानाच्या दुकानात ‘हीटरची वायर’ म्हणून मागितली की मिळते.

थर्मोस्टॅट म्हणजे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी. एक धातू तापल्यावर जास्त वाढतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि संपर्क सुटतो. थंड झाली की पुन्हा सरळ होते. प्रत्येक उघडझाप करताना संपर्कबिंदूंवर बारीक ठिणगी पडते आणि वर्षानुवर्षांनी तेथे काजळी धरते. जाड पोस्टकार्डाचा तुकडा दोन बिंदूंमध्ये धरून चार-सहा वेळा ओढला, तर बहुधा काम होते. पॉलिश पेपर वापरू नये, कारण बिंदूंवरचा चांदीचा पातळ थर त्याने निघून जातो. संपर्कबिंदू एकमेकांना चिकटून बसले असतील तर ओव्हन कधी थांबणारच नाही, आणि मग थर्मोस्टॅट बदलावाच लागतो. तो काढून तारा सरळ जोडून देणारे कारागीर आहेत. थर्मल फ्यूजच्या बाबतीतही तेच करतात. ओव्हन तापतो, गिऱ्हाईक पैसे देते, आणि आग लागण्यापासून वाचवणारी शेवटची कडी नाहीशी झालेली असते. अशी दुरुस्ती आम्हाला बिघाडापेक्षा वाईट वाटते.

जुन्या ॲल्युमिनिअमच्या गोल ओव्हनमध्ये रॉड नसतो, उघडी कॉइल असते. ती तुटली की टोके पिळून पुन्हा जोडतात. लांबी दहा टक्क्यांनी कमी झाली तर रोधही तेवढाच कमी होतो आणि शक्ती अकरा टक्क्यांनी वाढते. शिवाय पिळलेला जोड म्हणजे पुन्हा तोच ढिला जोड. कॉइल त्याच जागी पुन्हा तुटते. नवी आणावी.

पावसाळ्यात ओलावलेला रॉड

आता राहिला सुरुवातीचा दुसरा बिघाड: लावताक्षणी वीज जाणे. रॉडची रचना अशी असते: मध्ये नायक्रोमची कॉइल, बाहेर पोलादी नळी, आणि दोहोंच्या मध्ये मॅग्नेशिअम ऑक्साइडची ठासलेली पूड. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. मात्र ती ओलावा शोषते. नळीच्या टोकांची मेणबंदी सैल झाली असेल, तर जून ते सप्टेंबर हे चार महिने माळ्यावर काढताना ती दमट होते आणि कॉइलमधून नळीकडे थोडी धारा झिरपू लागते. घरात आरसीसीबी बसवलेला असेल तर तो फेजने गेलेली आणि न्यूट्रलने परतलेली धारा यांची सतत तुलना करतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो. २३० व्होल्टला एवढी धारा झिरपायला रोध साधारण ७,६०० ओहमपर्यंत उतरावा लागतो. निरोगी रॉडमध्ये तो कित्येक मेगाओहम असतो.

मीटर सर्वांत वरच्या पट्टीवर ठेवून फेज पिन आणि ओव्हनचा पत्रा यांच्यातला रोध मोजावा, मग न्यूट्रल पिन आणि पत्रा यांच्यातला. एक मेगाओहमपेक्षा कमी भरला तर ओव्हन लावू नये. रॉड काढून ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन दिवस ठेवावा व पुन्हा मोजावा. सुधारला नाही तर तेवढ्याच वॅटचा, तेवढ्याच लांबीचा रॉड आणावा. सुधारला तरी खात्रीसाठी विजेच्या कारागिराकडून मेगरने तपासून घ्यावा. साध्या मीटरचा दाब काही व्होल्टचा असतो, मेगरचा ५०० व्होल्ट. जे झिरपणे पहिल्याला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते.

पण घरोघरी वेगळाच उपाय होतो. प्लगची वरची जाड पिन कापतात, किंवा अर्थची तार काढून टाकतात, किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावतात. मग आरसीसीबी पडत नाही, ओव्हन तापतो, सगळे खूश. पडत नाही, कारण झिरपलेल्या धारेला जमिनीकडे जायला वाटच उरलेली नाही. ती पत्र्यावर वाट पाहत असते. ओल्या हाताने, अनवाणी पायाने कोणी पत्र्याला टेकले की ती वाट शरीरातून मिळते. आरसीसीबी असेल तर तो आता पडेल, पण माणसाला झटका बसल्यावर. आरसीसीबी नसेल, आणि अनेक जुन्या घरांत तो नाही, तर काहीच पडणार नाही. शरीराचा रोध दीड हजार ओहम धरला तर धारा दीडशे मिलिअँपिअरपर्यंत जाऊ शकते. ती प्राणघातक आहे.

तेव्हा ओव्हन तापू लागला म्हणजे दुरुस्त झाला, असे मानता येत नाही. पत्रा बंद करण्यापूर्वी अर्थची जाड पिन आणि पत्रा यांच्यातला रोध मोजलाच पाहिजे. तो शून्याजवळ, फार तर एक ओहमच्या आत हवा. मीटरचे टोक रंगावर टेकवू नये; रंग वीजरोधक असतो. स्क्रूचे डोके किंवा खरवडलेली उघडी जागा शोधावी. अर्थचा लगही कधी रंगवलेल्या पत्र्यावरच आवळलेला सापडतो.

काळ्या जमिनीतला खड्डा

प्लगपर्यंत अर्थ ठीक आहे, पुढे काय? सॉकेटमधून निघालेली अर्थची तार घराबाहेरच्या एका खड्ड्यात जाते. साधारण अडीच मीटर लांबीचा लोखंडी पाइप तेथे उभा पुरलेला असतो आणि भोवती मीठ व कोळसा भरलेला असतो. भारतीय मानक ३०४३ मध्ये याची सविस्तर माहिती आहे.

वर्धा जिल्ह्यातली काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. पण हीच माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, हे येथील प्रत्येक मुलाला माहीत आहे. तशीच भेग पाइप आणि माती यांच्यातही पडते. पाइप आहे तेथेच असतो, पण मातीशी त्याचा संबंध सुटत जातो. ओलावा गेल्याने उरलेल्या मातीचा रोधही वाढतो.

समजा, अशा खड्ड्याचा रोध २० ओहम झाला आणि रोहित्राच्या अर्थचा ५ ओहम आहे. ओव्हनमधली फेजची तार सुटून पत्र्याला टेकली. धारा २३० ÷ २५, म्हणजे ९.२ अँपिअर. सोळा अँपिअरचा फ्यूज किंवा एमसीबी ही धारा मुकाट्याने जाऊ देतो. आणि पत्र्यावरचा दाब? ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४ व्होल्ट. अर्थ जोडलेला आहे, पिन शाबूत आहे, आणि तरी पत्रा जिवंत आहे. खड्ड्यातली तार पूर्णच तुटली असेल तर याहून चमत्कारिक गोष्ट होते. घरातल्या सगळ्या अर्थ तारा एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे ओव्हनचा दोष फ्रिजच्या दाराला आणि कूलरच्या टाकीला जाऊन पोचतो. कूलर उन्हाळ्यातच चालतो आणि पाण्यानेच भरलेला असतो.

अर्थ तपासण्याची रूढ रीत म्हणजे फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॅटचा दिवा लावून पाहणे. तो लागला की अर्थिंग उत्तम असे सांगितले जाते. गणित करून पाहू. दिव्याचा रोध ५२९ ओहम, जमिनीच्या मार्गाचा २५. दिव्याच्या वाट्याला २३० पैकी जवळजवळ २२० व्होल्ट येतात. एवढा फरक डोळ्याला कळत नाही. दिवा लखलखीत पेटतो आणि खड्डा मात्र निकामी असतो. ही परीक्षा विद्यार्थ्यांनी करायची नाही. तिच्यातली त्रुटी फळ्यावर मात्र जरूर दाखवावी. खड्ड्याचा रोध मोजायला अर्थ टेस्टर नावाचे वेगळे उपकरण असते आणि ते परवानाधारक वीज कंत्राटदाराकडे मिळते. खड्ड्यात उन्हाळाभर नियमित पाणी घालणे हा सोपा उपाय आहे. आरसीसीबी बसवणे हा अधिक भरवशाचा. वरच्या उदाहरणात फ्यूज स्वस्थ बसला, पण ९.२ अँपिअर म्हणजे आरसीसीबीच्या मर्यादेच्या तीनशे पट. तो तत्काळ पडला असता.

दुरुस्त ओव्हन पहिल्यांदा लावताना आत काही न ठेवता, दार किंचित उघडे ठेवून पंधरा मिनिटे चालवावा. नव्या रॉडवरचे तेल जळून थोडा धूर येतो. नंतर थर्मोस्टॅटची परीक्षा साखरेने करता येते. ॲल्युमिनिअमच्या फॉइलवर चमचाभर साखर ठेवून ओव्हन १७५ अंशांवर पंधरा मिनिटे चालवला तर ती वितळायला नको. १९० अंशांवर तेवढ्याच वेळात वितळायला हवी. सावकाश तापवल्यास साखर कमी तापमानालाही विघटित होऊ लागते, म्हणून वेळेचे बंधन पाळावे. १७५ लाच पाक झाला तर चकतीवरचा आकडा खोटा आहे. किती खोटा, ते चकतीशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवावे.

शाळेच्या आवारातही अर्थचा खड्डा असतोच, बहुधा मीटरच्या खोलीमागे, गवतात. तो कोठे आहे हे मुलांना आधी शोधू द्यावे. कंत्राटदाराला वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये, बोलावून त्याचा रोध मोजून घ्यावा आणि दोन्ही आकडे तारखेसह प्रयोगशाळेच्या वहीत लिहावेत.